रात्रपाळीच्या सिस्टरला खोली कोण देणार?

"डॉक्टर, वरच्या मजल्यावरची खोली एका नर्सला द्यायची म्हणतोय. पण घरात दीड वर्षाचा नातू आहे. हॉस्पिटलचे जंतू घरात येणार नाहीत ना?"

हा प्रश्न मला वर्षातून तीन-चारदा तरी कुणी ना कुणी विचारतं. कधी नर्सच्या जागी बॉन्डवर आलेला तरुण डॉक्टर असतो, कधी डायलिसिसचा टेक्निशियन, कधी लॅबमधली मुलगी. प्रश्न आरोग्याचा आहे, त्यामुळे त्याचं शास्त्रीय उत्तर आज देणारच आहे. पण या प्रश्नाच्या आड आणखी एक प्रश्न लपलेला आहे आणि तो कुणी विचारत नाही. ही मंडळी आपल्या गावात राहिलीच नाहीत, तर रात्री दोन वाजता आपल्याला सलाइन कोण लावणार?

"आमच्याकडे डॉक्टर टिकत नाहीत हो," ही तक्रार प्रत्येक तालुक्याच्या गावात ऐकू येते. त्याची कारणं अनेक आहेत, आणि त्यातली बरीचशी सरकारच्या हातातली आहेत. पण एक कारण आपल्या हातातलं आहे. आलेल्या माणसाला राहायला धड जागा मिळत नाही. घर भाड्याने देणं हा तुमचा खासगी व्यवहार असला, तरी रुग्णालयाशेजारच्या घराच्या बाबतीत तो आरोग्यसेवेचाही भाग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही माणसं असतात कोण?

महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते. यालाच आपण ‘बॉन्ड’ म्हणतो. त्याची नेमणूक अशा गावात होऊ शकते, जिथे त्याने आधी कधी पाऊलही ठेवलेलं नसतं. एमडी, एमएस करणाऱ्या डॉक्टरांसाठी आता ‘जिल्हा निवासी कार्यक्रम’ आहे. शिक्षणाच्या काळात तीन महिने त्यांना जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. २०२१च्या तुकडीपासून हे लागू झालं. उपकेंद्रांवरचे समुदाय आरोग्य अधिकारी आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या अनेक नर्सेस कंत्राटी आहेत. खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसपैकी कितीतरी जणी केरळमधून, विदर्भ-मराठवाड्यातून किंवा ईशान्येकडच्या राज्यांतून आलेल्या असतात. सहा महिने, वर्षभर एका ठिकाणी काम करून त्या पुढे जातात.

ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नवीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात गडचिरोली, वाशीम, बुलढाणा, हिंगोली, जालना, भंडारा ही नावं होती. महाविद्यालय आलं की शिक्षक, निवासी डॉक्टर, इंटर्न, नर्सेस, तंत्रज्ञ येणार. वसतिगृहाची इमारत मात्र बहुतेक वेळा मागाहून येते.

या सगळ्यांची गरज एकसारखी असते. लॉजवर राहण्याइतका मुक्काम छोटा नसतो आणि संसाराचं सामान हलवण्याइतका मोठाही नसतो. तीन महिन्यांसाठी कुणी पलंग, कपाट, शेगडी विकत घेणार का? अमेरिकेत ‘ट्रॅव्हल नर्स’ नावाचा पेशाच आहे. साधारण १३ आठवड्यांच्या करारावर नर्स एका शहरातून दुसऱ्या शहरात जाते. तिच्यासाठी सामानासकट, महिन्याच्या भाड्यावर घरं देणारे घरमालक तिथे आहेत आणि तो रीतसर व्यवसाय झाला आहे. आपल्याकडे अशी फिरती माणसं भरपूर आहेत. त्यांच्यासाठी घरं तेवढी नाहीत.

आता जंतूंबद्दल

नातवाच्या आजोबांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. रुग्णालयात काम करणाऱ्याला स्वतःला संसर्गाचा धोका सामान्य माणसापेक्षा जास्त असतो, हे खरं आहे. पण तो धोका घरमालकापर्यंत पोचतो का, हे आजाराप्रमाणे बघावं लागतं.

क्षयरोग म्हणजे टीबी हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी झालेला, खोकणारा रुग्ण आणि दुसरा माणूस एकाच बंद जागेत बराच काळ राहिले, तर धोका असतो. टीबीच्या रुग्णाची शुश्रूषा करून आलेल्या नर्सच्या कपड्यांवरून, भांड्यांवरून किंवा जिन्यातल्या कठड्यावरून टीबी होत नाही. तिला स्वतःला टीबीची लागण होऊन आजार झाला तरच प्रश्न येतो. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर तपासणी करायची, हे तिला आपल्यापेक्षा नीट माहीत असतं.

एचआयव्ही आणि हिपॅटायटिस ‘बी’ हे रक्तातून, असुरक्षित लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला होतात. एका नळाचं पाणी, एक जिना, एक संडास वापरल्याने होत नाहीत. हिपॅटायटिस ‘बी’ची लस तर बहुतेक आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतलेली असते. तुम्ही घेतली आहे का, हा प्रश्न मीच तुम्हाला विचारायला हवा.

गणवेशावर काही जीवाणू असू शकतात. त्यासाठी गणवेश वेगळा ठेवून, साबणाच्या पावडरीने गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून इस्त्री केला की पुरे. घरी आल्यावर आधी हात धुणं आणि कपडे बदलणं ही तर तिची रोजची सवय असते.

फ्लू किंवा कोविडसारखे श्वसनाचे आजार तिच्याकडून येऊ शकतात का? येऊ शकतात, जसे ते शाळेत जाणाऱ्या नातीकडून, बँकेत काम करणाऱ्या मुलाकडून किंवा लग्नाला जाऊन आलेल्या आजोबांकडूनही येतात. वेगळी खोली, वेगळं प्रवेशद्वार, उघड्या खिडक्या असलेल्या घरात वरच्या मजल्यावर नर्स राहिल्याने नातवाला काही वेगळा धोका नाही. नातवाचं लसीकरण वेळेवर झालंय ना, एवढं बघा.

२०२० आठवतंय ना?

मार्च २०२०मध्ये आपण गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने गृहमंत्र्यांना पत्र लिहून कळवलं होतं, की घरमालक डॉक्टर आणि नर्सेसना घराबाहेर काढत आहेत. असे प्रकार देशात ठिकठिकाणी झाले. शेवटी २२ एप्रिल २०२० रोजी केंद्राला साथरोग कायद्यात बदल करणारा अध्यादेश काढावा लागला आणि सप्टेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. आरोग्य कर्मचाऱ्याच्या राहण्यात किंवा कामात अडथळा येईल असा त्रास देणं हीसुद्धा साथीच्या काळात ‘हिंसा’ ठरवली गेली. त्यासाठी तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे.

जिच्यासाठी थाळी वाजवली तिला राहू द्या, हे सांगायला कायदा करावा लागला, याची मला तेव्हाही लाज वाटली होती. साथ संपली. पण ‘हॉस्पिटलवाले नकोत’ हा शेरा पूर्णपणे पुसला गेलेला नाही.

तिची झोप आणि तुमचं इन्सुलिन

तिच्या खोलीचा तुमच्या प्रकृतीशी थेट संबंध कसा येतो, ते सांगतो.

आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं आणि ते प्रामुख्याने उजेडावर चालतं. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढतं, शरीराचं तापमान हळूहळू उतरतं, झोप येते. सकाळच्या उजेडाने मेलाटोनिन थांबतं. रात्रपाळी करून सकाळी आठ-नऊला घरी येणारी व्यक्ती या घड्याळाच्या विरुद्ध झोपायला बघते. त्यामुळे दिवसाची झोप मुळातच तुटक आणि रात्रीपेक्षा काही तासांनी कमी असते. त्यात पडद्याशिवायची खिडकी, खाली मिक्सर, शेजारी पाइप कापण्याचं यंत्र आणि दर अर्ध्या तासाला बेल, असं असेल तर ती झोपत नाही, नुसती पडून राहते.

समजा, ती सकाळी अकराला जागी झाली आणि पुन्हा झोप लागलीच नाही. रात्री आठला ड्यूटीवर गेली. पहाटे चार वाजता तिला जागून १७ तास झालेले असतात. सलग १७ तास जागलेल्या माणसाचं लक्ष आणि हातांचा ताळमेळ किती घसरतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७मध्ये मोजून दाखवलं. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असताना जेवढा घसरतो, साधारण तेवढा! भारतात गाडी चालवताना कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे.

आता त्याच पहाटे ती वॉर्डमध्ये इन्सुलिन भरते आहे. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींमध्ये मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. १०० युनिटवालं औषध चुकून ४० युनिटच्या सिरिंजमध्ये भरलं, तर डोस अडीचपट होतो. साखर धाडकन उतरू शकते, रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. झोप झालेली नर्स ही चूक बाटली हातात घेतानाच पकडते. न झोपलेली नर्स कदाचित पकडणार नाही. पलंगावर तुमची आई असेल किंवा माझी.

शिवाय तिच्या स्वतःच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये वजनवाढ, मधुमेह, हृदयविकार यांचं प्रमाण जास्त आढळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे. रात्रपाळी बंद करता येणार नाही, कारण आजार घड्याळ बघून येत नाही. पण दिवसा अंधारी, शांत, थंड खोली देऊन तिच्यावरचा भार कमी करता येतो.

खोली कशी असावी?

‘फर्निश्ड’ म्हणजे सोफा आणि काचेचा टीपॉय, असा आपल्याकडे समज आहे. टीपॉय नसला तरी चालेल. एक डॉक्टर म्हणून माझी यादी अशी आहे:

१. जाड, गडद पडदे. खिडकीतून येणारा उजेड पूर्ण अडला पाहिजे. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त उपयोग यांचा होतो.

२. चांगली गादी आणि मच्छरदाणी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. दिवसा झोपणाऱ्या माणसाला म्हणूनच मच्छरदाणी आपल्यापेक्षा जास्त गरजेची.

३. पंखा आणि उन्हाळ्यात कूलर. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपणं अशक्य आहे. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी पुसून कोरडी करा, नाहीतर तिथेच एडिस वाढतील.

४. पाण्याची झाकणाची टाकी. नळ सकाळी सहाला येतो, तेव्हा ती वॉर्डमध्ये असते. साठवण नसेल तर तिला दिवसभर पाणी नाही.

५. बाथरूममध्ये गॅस गिझर नको. हे मी ठासून सांगतो. बंद, हवा खेळत नसलेल्या बाथरूममध्ये गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं आणि कडी उघडायच्या आत माणूस कोसळतो. असे मृत्यू दर हिवाळ्यात होतात. गॅस गिझर लावायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत लावा. नाहीतर विजेचा बसवा, अर्थिंग तपासून.

६. आतून लागणारी भक्कम कडी, जिन्यात दिवा आणि स्वतःची किल्ली. रात्री अकराला ड्यूटी संपवून येणाऱ्या मुलीला फाटकापाशी उभं राहून हाका माराव्या लागू नयेत.

७. छोटी शेगडी किंवा इंडक्शन, चार भांडी, शक्य असल्यास लहान फ्रिज. यांच्या जेवणाच्या वेळा कुठल्याच खाणावळीशी जुळत नाहीत. घरी स्वयंपाक करता आला तर वडापाव-बिस्किटांवर दिवस निघत नाहीत.

यातलं बरंचसं सामान जुनं, वापरलेलं चालेल. एकदाच घ्यायचं आहे आणि भाड्यातून वसूल होणार आहे. मी धर्मादाय करा म्हणत नाही. सामानाचं म्हणून दोन पैसे जास्त भाडं घ्या, ते रास्तच आहे. मात्र तीन महिने राहणाऱ्याकडून सहा महिन्यांची अनामत मागू नका.

घरमालकांच्या शंका

"तीन महिन्यांचा करार होतो का? अकरा महिन्यांचाच करावा लागतो ना?" होतो. लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं करता येतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइनही होते. करार लेखी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे कागद हा तुमच्याच रक्षणासाठी आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर दुप्पट दराने भरपाई मागण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. सामानाची यादी करून दोघांनी सही करा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या आणि निश्चिंत व्हा. नोकरी सरकारी किंवा रुग्णालयातली आहे, माणूस कुठे सापडेल हे तुम्हाला नेमकं ठाऊक आहे. याहून खात्रीचा भाडेकरू कोणता?

"एकटी मुलगी, रात्री-बेरात्री येते-जाते. लोक काय म्हणतील?" लोकांना सांगा, ती कामावर जाते. तुमच्या घरातला मुलगा कंपनीत तिसऱ्या पाळीला जातो तेव्हा लोक काही म्हणत नाहीत.

"आडनाव काय? कुठली? मासे-मटण खाते का?" हे प्रश्न फोनवर पहिल्या मिनिटात विचारले जातात आणि इथेच बहुतेक खोल्या नाकारल्या जातात. मला यात आणखी एक गोष्ट खटकते. डॉक्टर म्हटलं की पुष्कळदा जागा मिळते. नर्स म्हटलं की विचार करून सांगतो. वॉर्डबॉय किंवा सफाई कर्मचारी म्हटलं की खोली कालच गेलेली असते. अपघात होऊन आपण स्ट्रेचरवर असतो तेव्हा रक्ताची बाटली कुणी आणली आणि तिचं आडनाव काय, हे आपण विचारत नाही. विचारायच्या स्थितीतच नसतो. शुद्धीवर असतानाही विचारू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

नर्स घरात आहे म्हणून...

खोली दिल्यावरची एक गोष्ट. घरात नर्स आली की आख्ख्या वाड्याला बीपी मोजून घ्यायची हुक्की येते. दुपारी दोनला बेल वाजते, "सिस्टर, जरा बघता का, चक्कर आल्यासारखं वाटतंय." मग "एवढं इंजेक्शन टोचून द्या," "अशक्तपणा आहे, घरीच एक सलाइन लावा."

कृपया असं करू नका. एक तर ती झोपेत आहे. दुसरं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घरी दिलेलं इंजेक्शन धोक्याचं आहे. औषधाची तीव्र ॲलर्जी आली तर काही मिनिटांत रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो. तेव्हा लागणारं ॲड्रेनालिन आणि ऑक्सिजन घरात नसतो. ‘अशक्तपणा’साठीच्या सलाइनमध्ये बहुतेक वेळा मीठ-साखरेच्या पाण्यापलीकडे काही नसतं आणि हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला ते घातकही ठरू शकतं. छातीत दुखतंय, एक बाजू लुळी पडली, श्वास लागतोय, असं असेल तर १०८ला फोन करा. तो करताना तिला जरूर उठवा, ती धावत येईल. एरवी सकाळी दवाखान्यात या.

भाडेकरूंनाही दोन गोष्टी सांगतो. सुया, सिरिंज, वापरलेले हातमोजे घरी आणू नका. ड्यूटीचं वेळापत्रक दर आठवड्याला घरमालकांना सांगा, म्हणजे कधी शांतता हवी ते त्यांना कळेल. आणि जाताना खोली जशी मिळाली तशी द्या. तुमच्या मागून येणाऱ्या सिस्टरचं घर तुमच्या वागण्यावर ठरणार आहे.

हे सरकारचं काम नाही का?

आहेच. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना निवासस्थान असावं, हे सरकारच्या स्वतःच्याच मानकांमध्ये लिहिलेलं आहे. जिल्हा निवासी डॉक्टरांच्या राहण्याची सोय करणंही राज्य सरकारकडेच आहे. प्रत्यक्षात कित्येक क्वार्टर्स गळक्या आहेत, काही ठिकाणी दारं-खिडक्याच नाहीत. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात सेमिनार हॉलमध्ये विसावलेल्या निवासी डॉक्टर तरुणीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. ३६ तासांच्या ड्यूटीत तिला पाठ टेकायला सुरक्षित जागा तिथे नव्हती. ही व्यवस्थेची जबाबदारी आहे आणि ती मागत राहिली पाहिजे. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत, निवडणुकीच्या वेळी विचारा, की आमच्या आरोग्य केंद्राच्या क्वार्टर्स राहण्याजोग्या कधी होणार?

पण क्वार्टर बांधून होईपर्यंत चार-पाच वर्षं जातील. बॉन्डवरचा डॉक्टर सोमवारी रुजू होणार आहे. त्याला खोली सोमवारी हवी आहे.

म्हणून एक सुचवतो. ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे, मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेल्यामुळे वरचा मजला बंद आहे, त्यांनी जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाच्या कार्यालयात जाऊन आपलं नाव, खोलीची माहिती आणि भाडं लिहून द्यावं. मेट्रनबाईंना भेटावं. खासगी रुग्णालयांनी कर्मचाऱ्याच्या वतीने करार स्वतः करावा, म्हणजे माणूस बदलला तरी खोली कायम राहते आणि घरमालकाचं भाडं बुडत नाही. सोसायट्यांनी ‘हॉस्पिटलवाले नकोत’ हा अलिखित नियम सभेत बोलून काढून टाकावा.

बंद खोलीचं भाडं येईल, घराला जाग राहील. आणि कुणीतरी दूरच्या गावातून आलेली सिस्टर दुपारी दोन वाजता तुमच्या माडीवर गाढ झोपलेली असेल. तिला झोपू द्या. रात्री तिला आपल्यापैकीच कुणासाठी तरी जागायचं आहे.